विश्लेषण : अनोळखी भरती-ओहोटीच्या नदीत नौकाशर्यतीची तयारी कशी करतात?

लंडनच्या थेम्स नदीत दरवर्षी हिवाळा सरता सरता दोन गाजलेल्या नौकाशर्यती होतात. एक ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांमधली ‘बोट रेस’, तर दुसरी ‘हेड ऑफ द रिव्हर रेस’. दोन्हींचा मार्ग एकच, पटनी ते मॉर्टलेक हा सुमारे ६.८ किलोमीटरचा वळणावळणाचा पट्टा. फरक दिशेचा. बोट रेस पटनीहून निघते आणि भरतीच्या पाण्याबरोबर नदीत आत जाते. हेड रेस मॉर्टलेकहून निघते आणि ओहोटीबरोबर पटनीकडे येते. या दुसऱ्या शर्यतीत शेकडो होड्या उतरतात. त्यातले अनेक संघ एरवी तलावात किंवा संथ नदीत सराव करणारे असतात. रोज साधारण चार वेळा दिशा बदलणाऱ्या नदीशी त्यांची ओळख जेमतेम एक-दोन दिवसांची असते. एवढ्या वेळात त्यांना काय काय शिकावे लागते?

थेम्स इतर शर्यतींच्या पाण्यापेक्षा वेगळी कशी?

ऑलिम्पिकमधील रोइंग आजवर प्रामुख्याने २००० मीटरच्या सरळ मार्गावर, स्थिर पाण्यात आणि आखलेल्या रांगांमध्ये होत आले आहे. सांगलीला कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात, तिथे पाण्याला ओढ असते, पण ती एकाच दिशेने. थेम्सचे तसे नाही. समुद्रापासून टेडिंग्टनच्या बंधाऱ्यापर्यंत ही नदी म्हणजे आपल्याकडच्या दाभोळ किंवा बाणकोट खाडीसारखीच आहे. मध्य लंडनमध्ये उधाणाच्या वेळी पाण्याची पातळी सात मीटरपर्यंत वर-खाली होते. सकाळी जिथे चिखलाचा काठ दिसतो, तिथे दुपारी होडी चालते. पटनीला नदीकाठच्या रस्त्यावर उभ्या केलेल्या मोटारींत उधाणाचे पाणी शिरते, हा तिथला नेहमीचाच प्रकार.

त्यात आठ वल्हेकऱ्यांची शर्यतीची होडी सुमारे १७ ते १८ मीटर लांब, पण रुंदीला जेमतेम दोन फूट. तिचे काठ पाण्यापासून वीतभरच वर असतात. वल्हेकरी पाठमोरे बसतात. पुढचे दिसते ते फक्त सुकाणू धरणाऱ्या कॉक्सला. म्हणूनच अनोळखी नदीत सगळ्यात आधी तयार व्हावा लागतो तो कॉक्स.

भरतीच्या वेळेला इतके महत्त्व का?

साधा हिशेब पाहू. समजा, एखादा संघ स्थिर पाण्यात सेकंदाला पाच मीटर वेगाने होडी नेतो. त्याला ६.८ किलोमीटरला सुमारे २२ मिनिटे ४० सेकंद लागतील. पाण्याची सेकंदाला दीड मीटरची साथ मिळाली, तर तेच अंतर साडेसतरा मिनिटांच्या आत कापले जाईल. बोट रेसचा विक्रम १६ मिनिटे १९ सेकंदांचा आहे, तो केंब्रिजने १९९८ मध्ये नोंदवला. त्यात संघाच्या ताकदीबरोबर भरतीचाही वाटा आहे. म्हणूनच ही शर्यत पूर्ण भरतीच्या साधारण दीड तास आधी, पाणी जोराने आत येत असताना सुरू केली जाते. शर्यतीची वेळ घड्याळ पाहून नव्हे, तर भरतीचे वेळापत्रक पाहून ठरते.

आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांचा एक सोपा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. यात रोज भरती पाऊण तासाने पुढे सरकते, हेही आपोआप येते. पण हा आकडा मुंबई-कोकणचा. लंडनमध्ये अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची भरती दुपारी दोन ते चारच्या दरम्यान येते. उधाण आणि भांग यांचा नियम जगभर सारखाच, घड्याळातली वेळ मात्र प्रत्येक बंदराची निराळी.

लंडनमध्येही एकच वेळ सगळीकडे चालत नाही. वेळापत्रक बहुधा लंडन ब्रिजचे असते आणि पटनीला भरती त्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने पोहोचते. दुसरा धोका घड्याळाचा. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे केली जातात. काही वेळापत्रके वर्षभर ग्रीनिच वेळेतच असतात. तो एक तास मिळवायचा राहिला, तर संघ चुकीच्या वेळी पाण्यात उतरतो आणि परतताना उलट्या धारेशी झुंजत बसतो.

पावसाचा काय संबंध?

वेळापत्रक चंद्र-सूर्याचे गणित सांगते, पावसाचे नाही. वरच्या खोऱ्यात जोरदार पाऊस झाला की गोड्या पाण्याचा लोंढा खाली येतो. अशा वेळी भरतीचा जोर कमी पडतो, ओहोटी मात्र लवकर सुरू होते आणि जास्त जोराने व जास्त वेळ चालते. यासाठी पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटी, म्हणजे थेम्सचे बंदर प्राधिकरण, ओहोटीच्या जोरानुसार हिरवा, पिवळा, लाल अशा झेंड्यांचा इशारा जाहीर करते. समुद्रातून मोठी लाट येण्याचा अंदाज असेल, तर खालच्या अंगाला असलेले ‘थेम्स बॅरियर’चे दरवाजे बंद होतात. मग वेळापत्रकातली भरती वर पोहोचतच नाही. त्यामुळे आदल्या रात्रीची माहिती पुरेशी नसते, सकाळी पुन्हा पाहावी लागते.

नदीची ओळख करून कशी घेतात?

पहिला टप्पा पाण्याबाहेरचा. पटनी ते मॉर्टलेक नदीच्या दक्षिण काठाने पायवाट आहे. कॉक्स आणि प्रशिक्षक तिथून चालत किंवा सायकलने संपूर्ण मार्ग पाहतात, तोही शक्यतो ओहोटीच्या वेळी. कारण भरतीत लपणारे उथळ भाग, दगड, चिखलाचे पट्टे तेव्हाच दिसतात. चिझिकजवळचे छोटे बेट ओहोटीला चालत गाठता येते, भरतीला त्याच्याभोवती पाणी असते. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की नकाशा लक्षात राहतो.

दुसरा टप्पा खुणांचा. पटनी पूल, फुलहॅम फुटबॉल क्लबचे मैदान, हॅमरस्मिथचा झुलता पूल, चिझिकचे बेट, बार्न्सचा रेल्वे पूल आणि शेवटी चिझिक पूल. या क्रमाने मार्गाचे तुकडे पाडले जातात. वल्हेकऱ्यांना पुढचे दिसत नसल्याने ‘आता पुलाखालून जातोय, निम्मे अंतर बाकी’ असे कॉक्सने सांगणे हाच त्यांचा नकाशा.

तिसरा टप्पा पाण्यातला. शर्यतीच्या आदल्या दिवशी संपूर्ण मार्ग एकदा सावकाश वल्हवायचा. शक्यतो शर्यतीच्या वेळी पाणी जसे असेल, तशाच भरती-ओहोटीच्या टप्प्यावर. भरतीत सराव करून ओहोटीत शर्यत केली, तर ओळख झालेली नदी वेगळीच निघते.

सर्वात जवळचा मार्ग सर्वात वेगवान का नसतो?

वळणाच्या आतल्या बाजूने अंतर कमी पडते, पण तिथे पाणी उथळ आणि मंद असते. जोराची धार खोल पाण्यातून, बहुतेकदा वळणाच्या बाहेरच्या अंगाने जाते. वरच्याच उदाहरणात धार सोडल्यामुळे पाण्याची साथ सेकंदाला फक्त २० सेंटिमीटरने कमी झाली, तरी संपूर्ण मार्गात सुमारे ३३ सेकंदांचे नुकसान होते. त्यामुळे कॉक्स काठाकडे नव्हे, धारेकडे पाहून सुकाणू धरतो. पाण्यावरच्या रेषा, तरंगणारा कचरा, नांगरलेल्या होड्यांची तोंडे यांवरून धार ओळखता येते.

बोट रेसमध्ये नाणेफेक जिंकणारा ‘सरे’ म्हणजे दक्षिण किंवा ‘मिडलसेक्स’ म्हणजे उत्तर बाजू निवडतो. पहिले आणि शेवटचे वळण मिडलसेक्सला लाभाचे, तर हॅमरस्मिथचे मधले लांबलचक वळण सरेला. दोन्ही संघांना मुख्य धार हवी असते. दोन होड्या एकमेकींना चिकटून जातात आणि पंच सतत इशारे देत राहतात, ते याचसाठी.

वाहतुकीचे नियम काय?

भारतीय संघाने आधी एक गोष्ट विसरायला हवी. आपण रस्त्यावर डावीकडून चालतो, पाण्यात सर्वसाधारण नियम उजवीकडून जाण्याचा आहे. थेम्सच्या या पट्ट्यात त्यालाही अपवाद आहेत. धारेविरुद्ध जाणाऱ्या होड्यांना काठालगतच्या मंद पाण्यातून जाऊ दिले जाते आणि ठरलेल्या ठिकाणीच काठ बदलता येतो. बंदर प्राधिकरणाने वल्हेकऱ्यांसाठी वेगळी नियमावली केली असून, पाण्यात उतरण्याआधी ती पाठ असणे अपेक्षित असते.

पुलांचीही भाषा आहे. ज्या कमानीखालून जायचे, तिथे दोन नारिंगी दिवे. तीन लाल तबकड्या किंवा रात्री तीन लाल दिवे दिसले, तर ती कमान बंद. आणि कमानीला गवताची पेंढी टांगलेली असेल, तर दुरुस्तीमुळे तिथली उंची कमी झाली आहे. ही जुनी खूण आजही वापरली जाते.

मोठा धोका कशाचा?

नांगरलेल्या वस्तूंचा. होडी थांबली तरी पाणी थांबत नाही. आठ जणांची होडी वळवायला एक मिनिट लागले आणि धार सेकंदाला दीड मीटरची असेल, तर तेवढ्यात होडी ९० मीटर वाहून गेलेली असते. म्हणून बोया, तराफा किंवा पुलाचा खांब धारेच्या पुढच्या अंगाला असेल, तर तिथे थांबायचे किंवा वळायचे नाही. काठाला लागतानाही होडीचे तोंड नेहमी धारेविरुद्ध ठेवायचे. १९८४ मध्ये केंब्रिजची होडी शर्यतीआधी सराव करताना नांगरलेल्या बार्जवर आदळली. होडीचे नाक फुटले आणि शर्यत दुसऱ्या दिवसावर गेली. नदी माहीत असलेल्या संघाचेही असे होऊ शकते.

दुसरा धोका वाऱ्याचा. वारा आणि धार समोरासमोर आली की आखूड, उभ्या लाटा उठतात. नदी वळते तसा वाऱ्याचा कोनही बदलतो, त्यामुळे पटनीला शांत असलेले पाणी हॅमरस्मिथच्या पुढे खवळलेले असू शकते. १९१२ मध्ये दोन्ही विद्यापीठांच्या होड्या पाण्याने भरल्या आणि शर्यत पुन्हा घ्यावी लागली. १९५१ मध्ये ऑक्सफर्डची, तर १९७८ मध्ये केंब्रिजची होडी बुडाली.

तिसरा धोका थंडीचा. अशा पाण्यात अचानक पडल्यावर पहिल्या मिनिटभरात श्वास अनावर होतो आणि पट्टीचा पोहणाराही गटांगळ्या खातो. म्हणून नियम एकच, पोहत काठ गाठायचा प्रयत्न करायचा नाही, होडीला धरून राहायचे. हेड रेसमध्ये सुरुवातीच्या आधी होड्यांना क्रमाने बराच वेळ ताटकळावे लागते. त्या वेळेसाठी कोरडे कपडे, टोपी, पाणी आणि थोडे खाणे होडीत ठेवणे हाही तयारीचा भाग.

पाण्याची स्वच्छता?

मुंबई-कोकणातील वाचकांना पावसाळ्यातला लेप्टोस्पायरोसिस नवा नाही. उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा हा आजार वल्हेकऱ्यांनाही होऊ शकतो. वल्ह्यामुळे हातांना फोड येतातच आणि जंतूंना तेवढी वाट पुरते. २०२४ मध्ये थेम्सच्या पाण्यात ई-कोलाय जंतूंचे प्रमाण जास्त आढळल्यावर बोट रेसच्या संघांना जखमा झाकण्याच्या आणि पाणी तोंडात जाऊ न देण्याच्या सूचना देण्यात आल्या. विजयी संघाने कॉक्सला नदीत फेकण्याची जुनी प्रथाही टाळण्यास सांगितले गेले. शर्यतीनंतर काही दिवसांत ताप, अंगदुखी आली, तर नदीत उतरल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

पुणे हे देशातील रोइंगचे महत्त्वाचे केंद्र. दापोडीच्या लष्करी केंद्रातून आंतरराष्ट्रीय नौकापटू घडले. नाशिक जिल्ह्यातील दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये उतरला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक विजेत्या संघात होता. पण हा सारा सराव स्थिर पाण्यातला. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये किनाऱ्यावरून धावत समुद्रात होडी नेण्याचा ‘बीच स्प्रिंट’ हा प्रकार समाविष्ट झाला आहे. तिथे लाट, वारा आणि भरती यांचा अंदाज नसलेल्या खेळाडूची नुसती ताकद कामाची नाही.

भरतीचे गणित, धारेची ओळख, काठावरच्या खुणा या गोष्टी कोकणातल्या खाडीकाठच्या मुलांना लहानपणापासून माहीत असतात. त्यांच्या हाती शर्यतीची वल्ही आणि शेजारी जाणता प्रशिक्षक देता आला, तर थेम्सवर आलेल्या संघांना जे आदल्या दिवशी घोकावे लागते, ते या मुलांना नव्याने शिकवावे लागणार नाही.