१,०२४ खाटा आणि १,००४ अंकी आकडा

जून २०२० मध्ये ठाणे महापालिकेनं बाळकुमच्या ग्लोबल इम्पॅक्ट हबमध्ये कोविडसाठी १,०२४ खाटांचं रुग्णालय उभं केलं. तेच माप धरू. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात ३१.५ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे. त्या सगळ्यांना खाट द्यायची तर अशी तीन लाखांहून जास्त रुग्णालयं लागतील.

त्यातल्या एकाच रुग्णालयात १,०२४ बीपीवाले आहेत आणि सगळ्यांना रामिप्रिल सुरू केलंय असं समजा. साधारण पन्नास ते दोनशे जणांना कोरडा खोकला लागेल. हे औषध ज्या विकराला अडवतं, तोच शरीरातलं ब्रॅडिकायनिन मोडत असतो. ते साचलं की खोकल्याची उबळ येते. एक ते सात जणांचे ओठ नाही तर जीभ सुजेल, आणि तिथे जिवावर बेतू शकतं.

रामिप्रिलऐवजी मेटोप्रोलॉल दिलं, तर वीस ते पन्नास जणांच्या रक्तात ते इतरांच्या कितीतरी पट चढेल आणि नाडी मंदावेल. त्यांच्या यकृतात सीवायपी२डी६ हा विकर कामच करत नाही. बऱ्याचदा त्याचं कारण तीन अब्ज अक्षरांच्या जनुकसंचातलं एकच बदललेलं अक्षर असतं, आई आणि वडील दोघांकडून आलेलं. हा फरक उघडकीला आला तोही बीपीच्याच गोळीमुळे. १९७५ च्या सुमारास लंडनच्या सेंट मेरीज वैद्यकीय महाविद्यालयातल्या रॉबर्ट स्मिथ यांनी डेब्रिसोक्विन स्वतःवरच आजमावलं. त्यांचा रक्तदाब ७०/५० वर कोसळला. तेच औषध घेतलेल्या सहकाऱ्यांना फारसं काही झालं नाही.

ही झाली जनुकसंचातल्या एका जागेची गोष्ट. बदललेलं अक्षर एकाही पालकाकडून नाही, एकाकडून किंवा दोघांकडून, अशा प्रत्येक जागी तीन शक्यता. दहा जागा धरल्या की ५९,०४९ प्रकारची माणसं संभवतात. एकवीस धरल्या की १,०४६ कोटी. एवढी माणसं पृथ्वीवरही नाहीत. २०२४ मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांच्या अभ्यासात नुसत्या रक्तदाबाशी निगडित २,१०३ जनुकीय खुणा मोजल्या गेल्या. त्यांच्या सगळ्या जुळण्यांचा आकडा लिहायला १,००४ अंक लागतात. दृश्य विश्वातल्या अणूंची संख्या ऐंशीएक अंकांत मावते.

म्हणून एक गोळी द्यायची, पंधरा दिवस-महिनाभर पाहायचं आणि खोकला लागला तर टेल्मिसार्टनसारख्या दुसऱ्या गोळीवर जायचं, ही डॉक्टरांची रीत अडाणी नाही. इतक्या शक्यतांपुढे रुग्णाचं शरीर हीच सगळ्यात स्वस्त तपासणी. मात्र, गोळी आपल्या मनानं सोडायची नाही.

वर सांगितलेल्या त्या अभ्यासातले लोक युरोपीय वंशाचे होते. आपल्याकडच्या जीनोम इंडिया प्रकल्पानं सुमारे १०,००० भारतीयांचे जनुकसंच वाचलेत, म्हणजे दर दीड लाखांमागे जेमतेम एक. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहर १८.४ लाखांचं होतं. या हिशेबानं त्याच्या वाट्याला येतात बारा माणसं.