कोणते कॉलेज ‘अवघड’?

आपल्यातील बहुतेकांचे पहिले लक्ष्य एनडीए. पण लेखी परीक्षा, एसएसबी आणि वैद्यकीय तपासणी या पायऱ्यांवर अनेक जण थांबतात. त्यांच्यासाठी पदवी घेऊन सीडीएस देण्याचा मार्ग उरतो. अशा वेळी दिल्ली विद्यापीठाचे नाव हमखास निघते आणि लगेच प्रश्न येतो, “कोणत्या कॉलेजात प्रवेश अवघड?”

2021 पर्यंत बारावीच्या टक्क्यांवर कटऑफ लागत असे. त्या वर्षी हिंदू कॉलेजात राज्यशास्त्राची पहिली कटऑफ थेट 100 टक्के होती! 2022 पासून सीयूईटी आली. आता विद्यार्थी कॉलेज व अभ्यासक्रमाच्या जोड्या पसंतीक्रमाने भरतो आणि विद्यापीठ गुणांनुसार जागा देते. जाहीर होणारा किमान गुण म्हणजे त्या फेरीत जागा मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचे गुण. जागा थोड्या, मागणी जास्त, की आकडा वर जातो. शिकवणे किती चांगले, हे त्यावरून कळत नाही.

तुलना करताना अभ्यासक्रम, प्रवर्ग आणि फेरी सारखी हवी. हिंदूचे राज्यशास्त्र आणि हंसराजचे भौतिकशास्त्र यांचे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. मिरांडा हाउस फक्त मुलींसाठी, त्यामुळे तिथली स्पर्धा निराळी. सैनिकांच्या पाल्यांच्या सीडब्ल्यू कोट्यातही किमान गुण वेगळा असतो, हे पालकांनी लक्षात घ्यावे.

माझ्या ओळखीच्या एका सीनियरने “मिळणारच नाही” म्हणून आवडते कॉलेज यादीत खाली लिहिले. वरचे ‘सोपे’ कॉलेज मिळाले. नंतर पाहिले तर आवडत्या कॉलेजचा आकडा त्याच्या गुणांपेक्षा कमी होता! वरची पसंती मिळाली की खालच्या पसंती संपतात. उलट, अवघड कॉलेज वर लिहिल्याने खालचे हातचे जात नाही. म्हणून यादी भीतीने नव्हे, आवडीने लावावी.

आम्हा दहावीच्या कॅडेट्ससाठी मात्र खरा निर्णय त्याआधीच आहे. तिथल्या प्रवेशासाठी सीयूईटीत बारावीचेच विषय द्यावे लागतात, आणि अर्थशास्त्र ऑनर्सला गणित लागतेच. अकरावीत गणित सोडले, तर त्या अभ्यासक्रमाचे दार अवघड कॉलेजात बंद होते आणि सोप्या कॉलेजातही. कोणत्याही कॉलेजातून शिकलो, तरी पदवी दिल्ली विद्यापीठाचीच मिळते. त्यामुळे कॉलेजच्या नावाआधी विषय ठरवूया.