फौजदारी न्यायालयातील कामकाज आणि वकिली नीती : विधिशिक्षणातील एक प्रश्न

विधिशाखेच्या पदवीधरास खुनाच्या गुन्ह्याचे घटक बिनचूक सांगता येतात. परंतु साक्षीदार पिंजऱ्यात उभा असता त्यास कोणता प्रश्न विचारावा व कोणता विचारू नये, हे तो सांगू शकेलच असे नाही. दिवाणी दाव्यातील चुकीची भरपाई पुष्कळदा पैशाने होते. फौजदारी खटल्यात मात्र पणास लागलेले असते ते मनुष्याचे स्वातंत्र्य, आणि प्रसंगी त्याचे प्राण. या कामकाजाचे शिक्षण कसे असावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भारतीय वकील परिषदेच्या २००८ च्या नियमांनी चार प्रात्यक्षिक विषय अनिवार्य केले. त्यांपैकी एक व्यावसायिक नीतीचा, तर दुसरा अभिरूप न्यायालयाचा आहे. या दुसऱ्या विषयाच्या १०० गुणांपैकी ३० अभिरूप न्यायालयास, ३० एक दिवाणी व एक फौजदारी खटल्याच्या निरीक्षणास, ३० पक्षकाराची मुलाखत व पूर्वतयारी यांस आणि १० तोंडी परीक्षेस आहेत. योजना चांगली आहे. तथापि अभिरूप न्यायालयात वस्तुस्थिती बहुधा गृहीत धरलेली असते व वाद कायद्याच्या अर्थाचा असतो. सत्र न्यायालयात वस्तुस्थितीच वादग्रस्त असते. तेव्हा पहिल्या ठिकाणी यश मिळविणारा विद्यार्थी दुसऱ्या ठिकाणी सिद्ध झाला, असे अनुमान काढणे योग्य नव्हे.

एक उदाहरण घेऊ. आरोपीच्या हाती सुरा होता, असे साक्षीदार न्यायालयात सांगतो. पोलिसांपुढील जबाबात मात्र त्याचा उल्लेख नाही. तो जबाब हा स्वतंत्र पुरावा नव्हे; साक्षीदाराच्या कथनातील विसंगती दाखविण्यापुरताच बचाव पक्षास त्याचा उपयोग करता येतो. त्यासाठी प्रथम त्या विशिष्ट भागाकडे साक्षीदाराचे लक्ष वेधावे लागते. ‘मी पोलिसांना तसे सांगितले होते’ असे त्याने म्हटल्यास, ते जबाबात नमूद नाही हे तपासी अंमलदाराच्या उलटतपासणीत शाबीत करून घ्यावे लागते. ही दुसरी पायरी चुकली तर पहिली व्यर्थ जाते. शिवाय प्रत्येक उणीव विसंगती ठरत नाही. ती महत्त्वाची आहे किंवा कसे, हे संदर्भावरून ठरवावयाचे असते. १ जुलै २०२४ रोजी नवे फौजदारी कायदे अमलात येऊन कलमांचे क्रमांक बदलले. ही रीत मात्र कायम आहे.

नीतीचा प्रश्न याच ठिकाणी उद्भवतो. आरोपीने आपल्या वकिलाजवळ गुन्हा कबूल केला, तर वकिलाने काय करावे? ती कबुली उघड करण्याचा त्यास अधिकार नाही. वकील परिषदेच्या नियमांप्रमाणे आरोपीच्या दोषाविषयीचे स्वतःचे मत बाजूस ठेवून त्याने बचाव करावयाचा आहे. कारण पुरेशा पुराव्यावाचून कोणासही दोषी ठरवू नये, हीच कायद्याची मागणी होय. सरकार पक्षाचा पुरावा कसास लावणे हे त्याचे कर्तव्यच आहे. जाणूनबुजून खोटा साक्षीदार उभा करणे मात्र सर्वथा वर्ज्य. उलटपक्षी, निर्दोषास शिक्षा होणार नाही अशा रीतीने खटला चालविणे व निर्दोषित्व दाखविणारा पुरावा न दडविणे, हे बंधन सरकारी वकिलावर आहे.

पूर्वतयारीची जबाबदारी हीही नीतीचीच बाब आहे. खंडवा येथील एका खटल्यात २०१३ साली आरोपीस विधिसाहाय्याचा वकील ज्या दिवशी मिळाला, त्याच दिवशी दोषारोप ठेवला गेला. सुमारे पंधरवड्यात पुरावा संपून देहान्ताची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली तो निकाल रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला. जन्मठेप वा देहान्त संभवत असलेल्या खटल्यात असा वकील किमान दहा वर्षांच्या अनुभवाचा असावा व त्यास तयारीसाठी सामान्यतः निदान सात दिवस मिळावेत, असेही ठरवून दिले. पुढील सुनावण्यांअंती २०२४ साली तो आरोपी निर्दोष सुटला.

यावरून दोन सूचना कराव्याशा वाटतात. विद्यार्थ्याने तुटक तारखा न पाहता एकच खटला दोषारोपापासून निकालापर्यंत पाहावा, व प्रत्येक साक्षीनंतर ‘हा प्रश्न का विचारला गेला?’ याची नोंद करावी. तसेच नीतीचा विषय निराळ्या तासास न शिकविता साक्षीपुराव्याच्या अध्यापनातच गुंफावा. कौशल्य व सचोटी यांची कसोटी न्यायालयात एकाच वेळी लागते. शिक्षणात मात्र त्यांची फारकत झालेली असते.