नाट्यपदाला नाटकात परत आणणारा संगीतकार

मराठी संगीत नाटकाला खरी प्रतिष्ठा लाभली ती १८८० साली, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल' नाटकाने. पुढे सुमारे अर्धशतक हा वैभवाचा काळ टिकला. १९३२ साली मराठी बोलपट आला आणि नाटक कंपन्यांचे दिवे मंदावले. परंतु दोष केवळ बोलपटाचा नव्हता. 'वन्स मोअर'च्या गजरात पदाची मैफल होई आणि कथानक मात्र रंगमंचावर ताटकळत उभे राही. नाट्यपद गायकाचे की नाटकाचे, हा प्रश्न अनुत्तरितच होता. पं. जितेंद्र अभिषेकी यांनी त्याला आपल्या कृतीने उत्तर दिले.

२१ सप्टेंबर १९२९ रोजी गोव्यातील मंगेशी येथे त्यांचा जन्म झाला. वडील कीर्तनकार, त्यामुळे शब्दाचा अर्थ स्वरातून पोहोचविण्याचा संस्कार घरचाच. पुढे जगन्नाथबुवा पुरोहित, अजमत हुसेन खाँ आदी गुरूंकडून त्यांनी रागविद्या मिळविली. १९६४ साली वसंत कानेटकरांच्या 'मत्स्यगंधा' नाटकाला त्यांनी संगीत दिले. चाली रागाधिष्ठित, पण पदे आटोपशीर. प्रसंग संपण्यापूर्वी पद संपावे, हा त्यांचा दंडक. 'लेकुरे उदंड जाहली'मध्ये तर त्यांनी गाणे थेट बोलण्याच्या जवळ नेले.

आपल्या सौंसर-पांढुर्णा भागाला नागपूर जवळचे. म्हणून 'कट्यार काळजात घुसली' या नाटकाविषयी आपणांस विशेष आपुलकी वाटावी. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाचे लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. खाँसाहेबांची भूमिका करणारे वसंतराव देशपांडे यांचीही जडणघडण नागपुरातलीच. नाटकाचा विषयच दोन घराण्यांचा संघर्ष. तेव्हा संगीतकारापुढील कसोटी अशी, की पंडितजींचे गाणे आणि खाँसाहेबांचे गाणे श्रोत्याला डोळे मिटूनही निराळे ओळखता यावे. अभिषेकीबुवा तीत पूर्ण उतरले. येथे गाणे बाजूला काढले तर नाटकच उरत नाही.

१९८८ साली त्यांना 'पद्मश्री' लाभली. घरी शिष्यांना ठेवून त्यांनी विद्यादान केले. ७ नोव्हेंबर १९९८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. २०१५ साली 'कट्यार'वर चित्रपट निघाला, तेव्हा नव्या पिढीनेही त्यांच्या चाली आपल्याशा केल्या.

परंपरा जपणे म्हणजे ती होती तशीच ठेवणे नव्हे. तिच्यातील अतिरेक दूर करून तिचे सत्त्व राखणे होय. विद्यार्थ्यांनी या जीवनातून घ्यावयाचा बोध तो हाच.