न दिलेल्या लाचेची हमी

कंपनीच्या खरेदी-करारात कारखाने, कर्जं, परवाने यांच्या लांबलचक याद्या असतात. त्यांतच एक अजब वाक्य असतं: कंपनीने, तिच्या संचालकांनी किंवा एजंटांनी कुठल्याही सरकारी अधिकाऱ्याला लाच दिलेली नाही. म्हणजे जे घडलं नाही, त्याची हमी! लाच दिल्याची पावती नसते, मग न दिल्याची कुठून आणणार? तरीही मोठमोठे वकील या एका कलमावर रात्र-रात्र झगडतात. कारण शेअर विकले की मालक बदलतो, कंपनी तीच राहते. परवाने आणि ब्रँड येतात, तशी जुनी पापंही येतात.

गुडगावची बीम इंडिया ही ‘टीचर्स’ व्हिस्की विकणारी, अमेरिकेतल्या बीमची उपकंपनी. 2014 मध्ये जपानच्या सन्टोरीने कर्जासह सुमारे 16 अब्ज डॉलर मोजून अख्खी बीम घेतली. त्यानंतर हिशेब निघाला तो 2006 ते 2012 या काळातला. परवान्यांसाठी, लेबल-नोंदणीसाठी, विक्री वाढवण्यासाठी वितरकांमार्फत पैसे चारल्याचा ठपका आला. त्यात दारू बाटल्यांत भरण्याच्या एका परवान्यासाठी दिलेले दहा लाख रुपयेही होते. बीमला अमेरिकी शेअरबाजार नियामकाकडे 2018 मध्ये 80 लाखांहून अधिक डॉलर भरावे लागले, तर 2020 मध्ये न्याय विभागाने सुमारे 1 कोटी 96 लाख डॉलरचा दंड ठोठावला. सन्टोरी येण्याआधीच्या कृत्यांची झळ आता तिच्याच घराला लागली.

मग भरपाई मागायची कुणाकडे? बीम न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदलेली होती. विकणारे होते असंख्य भागधारक. अशा खरेदीत ताबा मिळताच हमी बहुधा संपते.

याउलट गुडगावचीच औषध कंपनी रॅनबॅक्सी. 2008 मध्ये जपानच्या दाइइची सान्क्योने ती घेतली. तिथे मुद्दा लाचेचा नव्हता, औषधांच्या चौकशीची माहिती दडवल्याचा होता. पण विकणारे प्रवर्तक सिंग बंधू समोर होते. 2016 मध्ये सिंगापूरच्या लवादाने 2,562 कोटी रुपये आणि वर व्याज असा निवाडा दिला. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्याच्या अंमलबजावणीला मोठ्या प्रमाणात मान्यता दिली. हमीचं मोल शब्दांत जेवढं, तेवढंच ती देणाऱ्याला गाठता येण्यातही असतं.

तरी या वाक्याची खरी करामत सहीच्या आधीच दिसते. खोटी हमी अंगाशी येणार म्हटल्यावर विक्रेता ‘आमच्या माहितीप्रमाणे’ एवढे दोनच शब्द घुसवू पाहतो. खरेदीदार ते खोडतो. मग ‘कन्सल्टन्सी फी’, ‘प्रमोशन खर्च’ अशा गुळमुळीत नोंदी उलगडाव्या लागतात. 2018 च्या दुरुस्तीनंतर आपला लाचलुचपत प्रतिबंधक कायदाही, कंपनीच्या माणसाने तिच्यासाठी लाच दिली आणि पुरेशी प्रतिबंधक व्यवस्था नसेल, तर थेट कंपनीला दंड करतो. त्यामुळे हा प्रश्न आता परदेशी खरेदीदारांपुरता उरलेला नाही. पोलीस ठाण्याची पायरी न चढता, निव्वळ भावाच्या घासाघिशीतून कंपनीला स्वतःचीच चौकशी करायला लावणारं दुसरं वाक्य शोधून सापडणार नाही.