रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा?

परदेशातलं आजारपण : लेखांक ६

मागच्या लेखांकात, बरं करण्याचे उपाय संपल्याचं डॉक्टर सांगतात तो दिवस आपण पाहिला. या आठवड्यात त्याच माणसाला घरी आणू या. घर सिंगापूरमधलं, मुलगा-सून दोघंही नोकरीवर, आणि आजारी वडील भारतातून येऊन राहिलेले.

अशा घरात दिवस कसाही निभतो. खरी भीती रात्रीची. दोन वाजता बाबांना धाप लागली की हात आपसूक ९९५ कडे जातो. रुग्णवाहिका लगेच येते, जीव वाचवण्याची शर्थ करते आणि रुग्णालयात नेते. तिचं कामच ते. ‘मला घरीच राहू द्या’ म्हणालेल्या माणसाचा शेवट मग नळ्यांच्या गर्दीत होतो. लिएन फाउंडेशनच्या २०१४ च्या पाहणीत ७७ टक्के लोकांनी घरीच मरण यावं असं सांगितलं होतं. तरीही रुग्णालयातल्या मृत्यूंचं प्रमाण ६१ टक्क्यांच्या आसपास राहिलं, आणि ते २०२७ पर्यंत ५१ वर आणायचं उद्दिष्ट सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलं.

एकेकाळी इथे चायनाटाउनमधल्या सागो लेनवर मरणघरं होती. दाटीवाटीच्या खोल्यांत राहणारे गरीब चिनी मजूर शेवटचे दिवस काढायला तिथे जात, कारण राहत्या जागी मृत्यू होणं अशुभ मानलं जाई. १९६१ मध्ये त्यांच्यावर बंदी आली. पुढे १९८५ मध्ये सेंट जोसेफ्स होमने मरणासन्न रुग्णांसाठी १६ खाटा राखून ठेवल्या, आणि १९८९ मध्ये हॉस्पिस केअर असोसिएशन, म्हणजे आजची एचसीए, सुरू झाली. तिच्या नर्स आणि डॉक्टर रुग्णाच्या घरी येतात, रात्री-अपरात्रीही फोनवर सल्ला देतात आणि या घरपोच सेवेचे पैसे घेत नाहीत. साधारण वर्षभराचंच आयुष्य उरलंय असा डॉक्टरांचा अंदाज असेल, तरी ही मदत मागता येते. आपल्याकडची कुटुंबं मात्र अगदी शेवटच्या आठवड्यात रेफरल मागतात, आणि तोवरचा सगळा त्रास एकट्याने काढतात. मला याचं फार वाईट वाटतं.

नर्स पहिल्या भेटीत बहुधा मॉर्फिनचा विषय काढते, आणि घर धास्तावतं. सवय लागेल, माणूस लवकर जाईल, अशी भीती असते. दुखण्याच्या बेताने मोजून दिलेलं मॉर्फिन आयुष्य तोडत नाही. धापही त्याने कमी होते. सुरुवातीचे काही दिवस गुंगी येते, मळमळतं, नंतर ते बहुतेकदा ओसरतं. बद्धकोष्ठ मात्र टिकून राहतो, म्हणून जुलाबाचं औषध पहिल्याच दिवसापासून सोबत द्यावं लागतं. गोळी गिळवेनाशी झाली, तर कातडीखाली बारीक सुई ठेवून छोट्या पंपातून थेंबाथेंबाने औषध देता येतं. वेळ पडेल तेव्हा कोणतं औषध द्यायचं, ते आधीच घरात आणून, लिहून ठेवलेलं असावं.

मॉर्फिनपेक्षाही मोठं भांडण जेवणावरून होतं. आईने मऊ भात कालवलाय, पेज केलीय, ‘दोन घास तरी घ्या’ म्हणून ती हटून बसलीय, आणि बाबा तोंड फिरवतात. घरात कुणालाच ते सोसत नाही. त्यांनी जगायची इच्छा सोडली, असं वाटतं. प्रत्यक्षात शेवटच्या आठवड्यांत शरीराला अन्न वापरताच येत नाही, भूक आतूनच मालवते. बळेच भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊन ठसका आणि न्यूमोनिया होतो. सलाईन मागू नका असं मी सरसकट म्हणणार नाही, पण या अवस्थेत ते पाणी बरेचदा पायांच्या सुजेत आणि छातीत साठतं. तेव्हा ओठांना साय लावा, ओल्या कापसाने तोंड पुसा, मागितला तर चहाचा एक चमचा द्या. भरवणाऱ्या हाताला काम हवं असतं, आणि हे काम खरोखर उपयोगाचं आहे.

पैशांचं आणि कागदांचं थोडक्यात. मेडिशील्ड लाइफ हा सरकारी आरोग्यविमा नागरिक आणि कायम रहिवासी (पीआर) यांनाच आहे. व्हिजिट पासवरच्या आईवडिलांना तो नाही, सरकारी सवलतही नाही. म्हणून परत जायचं असेल, तर विमानात बसवेल तोवरच ठरवा. कर्करोगाच्या रुग्णांसाठी पुण्यात वारज्याचं सिपला केंद्र १९९७ पासून, मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून विनामूल्य सेवा देतं. इथेच राहायचं असेल, तर बाबांशी बोला. लास्टिंग पॉवर ऑफ अॅटर्नीने मुलाला बरेच अधिकार मिळतात. पण जीव टिकवणारे उपचार द्यायचे की नाहीत, हा निर्णय त्या कागदाने मुलाकडे येत नाही. त्यासाठी १९९६ च्या कायद्याखालचा वेगळा लेखी निर्देश आहे. त्यावर दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक डॉक्टर.

आणि ती वेळ आली की धावाधाव करू नका. हॉस्पिसला फोन करा; डॉक्टर येऊन मृत्यूचं कारण प्रमाणित करतात. २९ मे २०२२ पासून नोंदणी त्यानंतर आपोआप होते आणि दाखला ‘माय लेगसी’ या संकेतस्थळावरून ३० दिवसांच्या आत उतरवून घ्यायचा असतो. आजाराची माहिती असलेला कोणीच डॉक्टर नसेल, तर मात्र पोलिसांना बोलवावं लागू शकतं. म्हणून हॉस्पिसचा नंबर आज रात्रीच फ्रिजवर चिकटवा, आणि घरातल्या मदतनीस बाईलाही तो दाखवून ठेवा.

पुढच्या लेखांकात : मंडईची दहनभूमी आणि अस्थींचा प्रवास