गाडी कमी फिरते, म्हणून ऑइल जास्त टिकतं का?



आज कांद्याच्या रोपाचं किंवा टोमॅटोच्या करप्याचं काही नाही. दारात उभ्या असलेल्या चारचाकीबद्दल थोडं बोलायचं आहे. उद्या सकाळी इंजिन गार असताना बोनेट उघडा आणि ऑइल टाकायचं झाकण फिरवून काढा. आतल्या बाजूला पिवळसर-पांढरा, लोण्यासारखा थर दिसला तर घाबरू नका. पण पुसून विसरूनही जाऊ नका.

आपल्याकडे गाडी कशी फिरते ते बघा. सकाळी वस्तीवरून डेअरी, मग मुलांना शाळेच्या गाडीपर्यंत सोडणं, दुपारी मळ्यात मजुरांचं जेवण, संध्याकाळी परत डेअरी. एक फेरी दोन-तीन किलोमीटरची. दिवसात इंजिन पाच-सहा वेळा सुरू होतं, तितक्याच वेळा बंद होतं, आणि एकदाही नीट तापत नाही. वर्षाला मीटर चार हजारसुद्धा फिरत नाही. मग आपण म्हणतो, "१०,००० ला ऑइल बदलायचं सांगितलंय, अजून निम्मंही झालं नाही." इथेच फसगत होते.

आता हे पाणी येतं कुठून? पावसाचं नाही, धुतल्याचं नाही. ते इंधनातूनच तयार होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. डिझेलचंही जवळपास तेवढंच. सीएनजीचं तर एका किलोमागे सव्वादोन लिटरच्या आसपास. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. सकाळी सायलेन्सरच्या टोकातून पाणी ठिबकतं ते हेच. पण थोडा वायू पिस्टनच्या रिंगांमधून खाली, ज्याला गॅरेजवाले चेंबर म्हणतात तिथे, उतरतो. चेंबर गार असेल तर वाफेचं पाणी होतं, जसं दुधाच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून थेंब धरतात. मग क्रँक ते पाणी ऑइलमध्ये घुसळत राहतो. रवीने ताक करावं तसंच, फक्त वर येणारं लोणी खायचं नसतं.

कांद्याच्या चाळीचं उदाहरण घ्या. चाळीला खालून-बाजूने हवा खेळती ठेवतो, कारण ओलावा कोंडला की कांदा सडतो. इंजिनलाही अशी हवा काढायची वाट असते, पीसीव्ही वॉल्व्ह किंवा ब्रीदरची नळी. पण ती वाफ काढते, पाणी नाही. ऑइल चांगलं तापलं तरच पाण्याची वाफ होऊन ती बाहेर जाणार. ऑइल असं तापायला चालत्या गाडीलाही पंधरा-वीस मिनिटं लागतात, थंडीत त्याहून जास्त. काट्यावर किंवा दिव्यावर विसंबू नका. थंड इंजिनचा निळा दिवा गेला म्हणजे कूलंट कोमट झालं, ऑइल अजून मागेच असतं. निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत आपल्याकडेही पहाटे गाडीची टप ओली असते. डिसेंबर-जानेवारीत झाकणावर थर जास्त दिसतो तो यामुळे.

नुसतं पाणी असतं तर एवढं लिहिलं नसतं. पाण्यात जळालेले वायू मिसळून आम्ल तयार होतं. त्याला मारायला ऑइलमध्ये रसायन घातलेलं असतं, ते हळूहळू संपतं. शिवाय गार इंजिन जास्त पेट्रोल मागतं, त्यातलं थोडं न जळता सिलेंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. काही वेळा डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. माणूस खूश, "आपली गाडी ऑइल पीत नाही!" पट्टी नाकाजवळ नेऊन बघा, पेट्रोलचा वास येतो का. पुढे काजळी, आम्ल आणि जुनं ऑइल मिळून काळा चिखल होतो आणि चेंबरमधल्या ऑइल पंपाच्या जाळीवर बसतो. जाळी तुंबली की वरच्या भागाला ऑइल पोहोचत नाही. ऑइलचा लाल दिवा लागतो तेव्हा बऱ्याचदा नुकसान सुरू झालेलं असतं. ऑइल आणि फिल्टरचा खर्च काही हजारांत भागतो. इंजिन उतरवायची वेळ आली तर एखाद्या पिकाचा पैसा त्यातच जातो.

पांढरा थर दिसल्यावर पहिलं काम म्हणजे हेड गॅस्केट गेलं आहे का ते ओळखणं. झाकण स्वच्छ पुसा. सपाट जागेवर, इंजिन बंद असताना डिपस्टिक काढून बघा. थर फक्त झाकणालाच आहे, डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ आहे, कूलंटची पातळी जागेवर आहे, गाडी गरम होत नाही, तर तो बहुधा थंडीचा ओलावा. पण डिपस्टिकवरच दुधाळ चहासारखं ऑइल, कूलंट सारखं कमी होतंय, इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नाही, असं काही असेल तर गाडी चालवू नका. फोन करून मेकॅनिकला दारात बोलवा.

साधा ओलावा असेल तर औषध सोपं आहे. आठवड्यातून एकदा गाडी सलग ३०-४० किलोमीटर चालवा. सिन्नरहून नाशिक साधारण ३० किलोमीटर. काम काढून जाऊन आलात की ऑइल दोनदा तापतं. परत आल्यावर थर किती कमी झाला ते बघा. डेअरी, दुकान, शाळा या वेगळ्या फेऱ्यांची एक फेरी करता आली तर तीही करा.

अंगणात गाडी दहा मिनिटं नुसती सुरू ठेवून उपयोग नाही. मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बऱ्याच जणांनी रोज असं केलं. बॅटरी टिकेल म्हणून ठीक वाटतं, पण उभ्या गाडीत पाणी तयार होतं आणि ऑइल काही तापत नाही. सुरू करून अर्ध्या मिनिटात हळू निघा, रेस देऊ नका.

ऑइल बदलताना "किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते" हे वाक्य पुस्तिकेत वाचा. कमी फिरणाऱ्या गाडीला महिनेच आधी होतात. त्याच पुस्तिकेत बऱ्याचदा कठीण वापराचं वेगळं कोष्टक असतं, त्यात वारंवार छोट्या फेऱ्या आणि धूळ येते. आपला मळ्याचा रस्ता म्हणजे दोन्ही. त्या कोष्टकाप्रमाणे चला, ग्रेडही पुस्तिकेतलाच घाला.

जुन्या गाड्यांसाठी एक खास सांगणं. "गाडी गरम होणार नाही" म्हणून काही ठिकाणी थर्मोस्टॅट काढून टाकतात. मग इंजिन हिवाळाभर गारच राहतं आणि चिखल जास्त वेगाने जमतो. काढला असेल तर बसवून घ्या. आणि वर्षानुवर्षं चिखल साचलेल्या इंजिनात बाटलीतलं फ्लश ओतायची घाई नको. सुटलेला चिखल थेट जाळीवर जाऊन बसतो. आधी चेंबर खोलून जाळी साफ करून घेतलेली बरी.

ट्रॅक्टर नांगरटीला तासन्तास चालतो, त्याला हा त्रास कमी. पण तोच ट्रॅक्टर महिनाभर फक्त गोठ्यातून चारा आणायला वापरला तर तोही याच रांगेत. दूध घालायला जाणारी स्कूटरही.

काढलेलं जळकं ऑइल बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, गॅरेजमध्येच द्या.

झाकणाचा आणि डिपस्टिकचा असे दोन फोटो, गाडीचं मॉडेल आणि शेवटचं ऑइल कोणत्या महिन्यात बदललं ते लिहून याच नंबरवर पाठवा.